नोटरीचा शिक्का आणि सरकारी तिजोरी

पांच सेंटिमीटर व्यासाचा एक साधा वाटोळा शिक्का. त्यावर नोटरीचें नांव, त्याचें कार्यक्षेत्र आणि त्याचें पद कोरलेलें असतें. मुलाच्या शिक्षणांत एखाद्या वर्षाचा खंड पडला, नांवांतील एक अक्षर रेशनकार्डावर निराळें आणि पासपोर्टवर निराळें आलें, परदेशीं निघालेल्या भावानें इकडील घराची व्यवस्था बहिणीकडे सोंपविली, कीं शहरांतील सुशिक्षित कुटुंबाला ह्या शिक्क्याची आठवण होते. मग घरांतील कोणी तरी कोर्टाच्या आवाराजवळ जातो. झाडाखालीं किंवा एखाद्या अरुंद खोलींत टेबल मांडलेलें असतें. तेथें कागद तयार होतो, तिकीट चिकटविलें जातें, वहींत सही होते, शिक्का उठतो, आणि अर्ध्या तासांत काम उरकून मनुष्य घरीं परततो. ह्या व्यवहारांत आपल्या खिशांतून किती पैसे गेले हें त्याला ठाऊक असतें. सरकारच्या तिजोरींत त्यांतून किती जमा झाले, आणि त्या शिक्क्याचा खरेपणा टिकविण्यासाठीं सरकार किती खर्च करतें, हा विचार मात्र सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं.

नोटरीचा कायदा आतां जुना झाला, तो आधुनिक करावा, अशी मागणी वकीलवर्गांत आणि सरकारदरबारीं वरचेवर ऐकूं येते. आधुनिक करावयाचा म्हणजे नेमकें काय करावयाचें, ह्याविषयीं मतें अनेक आहेत. परंतु कोणतीही सुधारणा घेतली तरी तिचा जमाखर्च मांडावाच लागतो. आणि तो मांडूं लागलें म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट नजरेस येते. ह्या खात्यांत सरकारला उत्पन्न जवळजवळ नाहीं आणि खर्चही जवळजवळ नाहीं. खर्च नाहीं म्हणून एकत्र अशी नोंद नाहीं. आणि नोंद नाहीं म्हणून जो तोटा होतो, तो भलत्याच खात्यांत जाऊन बसतो.

हें असें कां झालें तें समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. नोटरी हा मूळचा व्यापाराचा सोबती. हुंडी सादर केली असतां ती स्वीकारली गेली नाहीं, किंवा मुदतीस तिचे पैसे मिळाले नाहींत, तर तसा रीतसर दाखला देणारा तटस्थ साक्षीदार दूरदेशींच्या व्यापाऱ्याला हवा असे. हिंदुस्थानांत १८८१ सालीं हुंड्या, वचनचिठ्ठ्या आणि चेक यांविषयींचा जो कायदा झाला, त्यानें सरकारला नोटरी नेमण्याचा अधिकार दिला. पण त्या नोटरीचें काम ह्या कागदांपुरतेंच मर्यादित होतें. इतर सर्व कामें करण्यास मुखत्यार असलेला नोटरी नेमण्याचा अधिकार इंग्लंडांतील ‘मास्टर ऑफ दि फॅकल्टीज’ नांवाच्या अधिकाऱ्याकडे होता. स्वतंत्र झालेल्या देशाला ही पद्धति शोभण्यासारखी नव्हती. म्हणून संसदेनें १९५२ सालीं नोटरी कायदा केला. तो १४ फेब्रुवारी १९५६ रोजीं अमलांत आला आणि त्याच वर्षीं त्याखालील नियमही तयार झाले.

ह्या कायद्यानें जी रचना केली ती समजण्यास सोपी आहे. सामान्यतः दहा वर्षें वकिली केलेल्या मनुष्यास केंद्र सरकार किंवा राज्य सरकार नोटरी म्हणून नेमतें. दस्तऐवजावरील सही साक्षांकित करणें, शपथ देवविणें, प्रतिज्ञापत्र घेणें, भाषांतर करून तें प्रमाणित करणें, न स्वीकारलेल्या हुंडीचा निषेध नोंदविणें, हीं त्याचीं कामें. त्याची सनद पूर्वीं तीन वर्षांची असे. १९९९ च्या दुरुस्तीनें ती पांच वर्षांची झाली. त्याला सरकारकडून पगार नाहीं. कचेरी त्याची, कारकून त्याचा, शाई त्याची आणि वहीही त्याचीच. प्रत्येक कामाची फी नियमांत ठरविलेली, आणि ती त्यानें स्वतःसाठीं घ्यावयाची. सरकारनें अधिकार दिला आणि खर्चाचा भार नोटरीवर सोंपविला. नव्या राष्ट्राची तिजोरी तेव्हां लहान होती. अशा वेळीं बिनखर्चाची व्यवस्था आकर्षक वाटली असल्यास त्यांत नवल नाहीं.

आतां ह्या व्यवस्थेचें प्रत्यक्ष उत्पन्न पाहूं गेल्यास तें दोन बाबींचें आहे. एक सनदेची आणि तिच्या नूतनीकरणाची फी. दुसरी, नोटरीच्या कृत्यावर लावावयाच्या तिकिटाची रक्कम. सनदेची फी पांच वर्षांसाठीं हजार-दोन हजार रुपयांच्या घरांतली. केवळ हिशेबापुरतें समजावें कीं देशांत एक लाख नोटरी आहेत आणि प्रत्येकानें पांच वर्षांस दोन हजार रुपये भरले. तर एकूण जमा वर्षाला चार कोटि रुपये होते. एवढ्या मोठ्या देशाला ही रक्कम किरकोळच म्हटली पाहिजे. तिच्याशेजारीं दुसरा एक आकडा ठेवून पाहावा. एकट्या महाराष्ट्र राज्याला मुद्रांक शुल्क आणि दस्तनोंदणी यांपासून २०२३–२४ ह्या वर्षांत सुमारें ५० हजार कोटि रुपये मिळाले. पहिली रक्कम शिक्का मारण्याचा अधिकार दिल्याबद्दलची. दुसरी रक्कम योग्य कागद योग्य कचेरींत पोहोंचल्याबद्दलची. नोटरीच्या कायद्याचा खरा आर्थिक प्रश्न ह्या दोहोंमधील संबंधाचा आहे.

तो संबंध घरगुती उदाहरणानेंच स्पष्ट होईल. पुण्यांत एका कुटुंबानें आपली रिकामी सदनिका महिना वीस हजार रुपयांस अकरा महिन्यांच्या करारानें दिली. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या पंचावन्नाव्या कलमाप्रमाणें असा करार लेखी असला पाहिजे आणि तो नोंदविलाही पाहिजे. अकरा महिन्यांची मुदत घातली म्हणजे नोंदणी चुकते, ही जुनी समजूत त्या कलमापुढें टिकत नाहीं. अनामत रकमेचा हिशेब सोडून दिला तरी भाड्याची एकूण रक्कम दोन लाख वीस हजार होते. तिच्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे साडेपांचशें रुपये, आणि महानगरपालिकेच्या हद्दींत नोंदणीची फी एक हजार. सरकारला मिळावयाचे ते साडेपंधराशें. त्याऐवजीं तोच करार नोटरीपुढें नेला म्हणजे काम थोडक्यांत भागतें, असें पुष्कळांस वाटतें. साडेपंधराशें रुपये तिजोरीस मुकले. पण तेवढ्यानें गोष्ट संपत नाहीं. पुढें तंटा झाला आणि करार नोंदलेला नसला, तर अटींविषयीं भाडेकरूचें म्हणणें खरें धरावें, असें कायदा सांगतो. शिवाय मालकास दंड किंवा कैद होण्याचा संभव राहतो. शिक्का उठलेला असतो, तरी घरमालकाचा हात रिकामाच राहतो.

घर विकत घेण्याच्या व्यवहारांत हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर घडतो. मुंबईंत पन्नास लाखांची सदनिका घेणाऱ्यास सामान्यतः सहा टक्के दरानें तीन लाख रुपये मुद्रांक शुल्क आणि तीस हजार रुपये नोंदणी फी द्यावी लागते. हे तीन लाख तीस हजार वांचविण्यासाठीं खरेदीखताऐवजीं कुलमुखत्यारपत्र, विक्रीचा करार आणि मृत्युपत्र असे तीन कागद करून, त्यांवर नोटरीचा शिक्का घेऊन, घराचा ताबा घेण्याची चाल उत्तर हिंदुस्थानांत फार बोकाळली होती. सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑक्टोबर २०११ रोजीं सूरज लॅम्प कंपनीच्या प्रकरणांत निर्णय दिला कीं, अशा कागदांनीं मालकी मिळत नाहीं; मालकी नोंदलेल्या खरेदीखतानेंच मिळते. ह्या चालीमुळें सरकारचें शुल्क बुडतें, काळा पैसा जिरविला जातो आणि जमिनीच्या व्यवहारांत गुंडगिरी शिरते, हेंही न्यायालयानें त्याच निकालांत सांगितलें.

ह्यांत दोष सर्वस्वी नोटरीचा आहे असें समजणें मात्र अन्यायाचें होईल. कित्येक वेळां कायदाच मनुष्याला त्या टेबलाकडे ढकलतो. महाराष्ट्रांत शेतजमिनीचे तुकडे होऊं नयेत म्हणून १९४७ सालीं तुकडेबंदीचा कायदा झाला. त्याचा हेतु चांगला होता. पण शहरें वाढलीं, शेतांवर वस्त्या उठल्या, आणि एक-दोन गुंठे घेऊन डोक्यावर छप्पर घालूं पाहणाऱ्या कामगाराला नोंदणी कचेरींत वाट मिळेना. मग त्यानें शंभर रुपयांच्या मुद्रांकावर करार लिहिला आणि नोटरीचा शिक्का घेतला. त्याला शुल्क चुकवावयाचें होतें असें नव्हे. त्याचें शुल्क घेण्यास कचेरीच तयार नव्हती. आयुष्याची शिल्लक घालून घेतलेल्या त्या जागेचा त्याच्याजवळ असलेला एकमेव पुरावा म्हणजे तो वाटोळा शिक्का, आणि नेमका तोच मालकी सिद्ध करण्यास असमर्थ. म्हणून नोटरीचा कायदा सुधारतांना शेजारच्या कायद्यांकडेही पाहिलें पाहिजे. एरव्हीं एक दार बंद केल्यानें दुसरें आपोआप उघडत नाहीं.

आणखी एक गोष्ट हिशेबांत धरावयास हवी. नोटरी नेमण्याचा अधिकार केंद्र आणि राज्य ह्या दोघांना आहे. परंतु जमीनजुमल्याच्या दस्तांवरील मुद्रांक शुल्काचें उत्पन्न राज्याचें. केंद्रानें नेमलेल्या नोटरीच्या टेबलावर एखादा नोंदणीयोग्य करार नुसत्या शिक्क्यावर निभावून गेला, तर तोटा राज्याच्या तिजोरीचा होतो. जो नेमतो त्याचें बुडत नाहीं, आणि ज्याचें बुडतें त्याच्या हातीं नेहमीं नेमणूक नसते. अशा स्थितींत देखरेखीवर पैसे खर्च करण्याची उत्सुकता कोणालाच वाटूं नये, हें साहजिक आहे.

देखरेखीची तरतूद नियमांत नाहीं असें मात्र नाहीं. प्रत्येक नोटरीनें ठराविक नमुन्याची नोंदवही ठेवावी. प्रत्येक वर्षाच्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यांत मागील वर्षींच्या कामाचें विवरण सरकारला पाठवावें. जिल्हा न्यायाधीश किंवा सरकारनें नेमलेला अधिकारी यानें वर्षांतून फार तर दोनदां ती वही तपासावी, असें नियमच सांगतात. परंतु वही तपासावयाची म्हणजे कोणी तरी मनुष्य पाहिजे, त्याला वेळ पाहिजे, आणि त्या वेळाचा पगार कोठून तरी निघाला पाहिजे. विवरणपत्र आलें तर तें वाचणारा पाहिजे. ज्या खात्याचें उत्पन्न नांवापुरतेंच आहे, त्यांतून हा खर्च निघणें कठीण. वही नोटरीच्या कपाटांत राहते. एका शहरांतील शेंकडों नोटरींच्या शेंकडों वह्या एकमेकींना ओळखत नाहींत. एखाद्या कागदावरील शिक्का खरा कीं खोटा, सही त्या दिवशीं त्याच मनुष्यानें केली कीं नाहीं, हें पाहावयाचें असेल तर त्याच नोटरीचें दार ठोठवावें लागतें. आणि तेवढ्यानेंही समाधान झालें नाहीं तर प्रश्न दिवाणी न्यायालयांत जातो. तेथें न्यायाधीशाचा वेळ, वकिलांची फी, हस्ताक्षरतज्ज्ञाची साक्ष आणि पक्षकारांचीं वर्षें खर्ची पडतात. वहीवर वांचविलेला पैसा येथें कितीतरी पटींनीं बाहेर पडतो.

ह्याहून अगदीं वेगळी रीति पाहण्यासाठीं महाराष्ट्राची दक्षिण सीमा ओलांडली तरी पुरे. गोव्यांतील पोर्तुगीज सत्ता १९ डिसेंबर १९६१ रोजीं संपली. तरी १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेंतील कुटुंब आणि वारसा यांविषयींचे नियम तेथें चालू राहिले, आणि त्यांच्याबरोबर नोटरीची एक निराळी कल्पनाही राहिली. १९५२ च्या कायद्याखालील वकील-नोटरी गोव्यांतही आहेत. परंतु विवाहापूर्वींचा संपत्तिविषयक करार, सार्वजनिक मृत्युपत्र, वारसांचा दस्त, असे महत्त्वाचे लेख सरकारी अधिकारी असलेल्या पदसिद्ध नोटरीपुढें होतात. मूळ लेख त्याच्या सरकारी वहींत लिहिला जातो, पक्षकार वहींतच सह्या करतात, आणि घरीं जाते ती प्रमाणित नक्कल. घराला आग लागली, पुरांत पेटी वाहून गेली, भावानें कागद दडवून ठेवला, तरी मूळ लेख शाबूत राहतो. गोवा विधानसभेनें २०१२ सालीं वारसा, विशेष नोटरी आणि मालमत्तेची विभागणी यांविषयींचा एकत्र कायदा संमत केला. तो डिसेंबर २०१६ मध्यें अमलांत आला. जुन्या पोर्तुगीज नियमांना नवें रूप देतांनाही मूळ लेख सरकारजवळ राहावा हें तत्त्व तेथें सोडलेलें नाहीं.

अर्थात् सरकारनें वही जवळ ठेवली म्हणजे सर्व कांहीं सुरक्षित झालें, असें नाहीं. बनावट कागदांच्या आधारें जमिनी बळकाविल्याच्या तक्रारी वाढल्यामुळें गोवा सरकारला २०२२ सालीं विशेष तपासपथक नेमावें लागलें, आणि निवृत्त न्यायमूर्ति व्ही. के. जाधव यांचा एकसदस्य आयोगही नेमावा लागला. ज्या घरांचे मालक निवर्तले होते किंवा परदेशीं राहत होते, अशा जमिनींवर लबाडांची नजर गेली होती. जुन्या कागदांच्या संग्रहांतच खोटे लेख घुसडल्याचे आरोप झाले. ह्यावरून दिसतें तें इतकेंच, कीं सरकारी वही म्हणजे एकदां करून सोडून देण्याचा खर्च नव्हे. पानांना अनुक्रमांक, प्रतिमा, कपाटाला कुलूप, आणि कुलपावर प्रामाणिक मनुष्य, हा दरवर्षींचा खर्च आहे. तो थांबला कीं वहीच खोटेपणाचें साधन बनते.

सरकारनें नोटरीचें काम सर्वस्वीं आपल्याकडे ठेवलें तर दुसरा एक मोह निर्माण होतो, तो उत्पन्नाचा. त्याचें उदाहरण गोव्याचा जुना राज्यकर्ता जो पोर्तुगाल, त्याच्याच घरीं घडलें. तेथें विसाव्या शतकांत नोटरी सरकारी नोकर असत. कंपनीचें भांडवल वाढविण्याचा दस्त केला म्हणजे भांडवलाच्या प्रमाणांत फी वाढे, आणि तिला वरची मर्यादा नसे. एका कंपनीनें ह्याविरुद्ध दाद मागितली. युरोपीय न्यायालयानें २९ सप्टेंबर १९९९ रोजीं ठरविलें कीं, नोटरी सरकारी नोकर असून त्याच्या फीचा कांहीं भाग सरकारला सार्वजनिक खर्चासाठीं मिळत असेल, तर अशी फी हा एक करच होय. आणि केलेल्या कामाच्या खर्चाशीं तिचा संबंध नसेल तर युरोपीय नियमांप्रमाणें ती घेतां येत नाहीं. पुढें २००४ च्या कायद्यानें पोर्तुगालनें नोटरींना सरकारी नोकरींतून काढून स्वतंत्र व्यवसायाचें रूप दिलें. त्या प्रकरणाचा बोध सर्वत्र लागू आहे. सेवेचा खर्च भरून काढणारी फी लोक आनंदानें नसली तरी समजून देतात. सेवेच्या नांवाखालीं घेतलेला कर मात्र शेवटीं न्यायालयांत तरी अडतो किंवा लोकांना चोरवाटा तरी शिकवितो.

मग नोंदीसह साक्षीची खरी किंमत किती? अमेरिकेंतील न्यूयॉर्क राज्यानें ह्या प्रश्नाला आंकड्यांत उत्तर दिलें आहे. तेथें साधी शपथ देवविण्याबद्दल नोटरीला फार तर दोन डॉलर घेतां येतात. ३१ जानेवारी २०२३ पासून तेथें दूरचित्राच्या साहाय्यानें, म्हणजे पक्षकार एका ठिकाणीं आणि नोटरी दुसऱ्या ठिकाणीं असतां, इलेक्ट्रॉनिक पद्धतीनें दस्त प्रमाणित करण्याची मुभा मिळाली. ह्या कामाची फी पंचवीस डॉलरपर्यंत ठेवली आहे. नोटरीनें ह्यासाठीं वेगळी नोंदणी करावयाची, पक्षकाराची ओळख यंत्राच्या साहाय्यानें पटवावयाची, संपूर्ण प्रसंगाचें ध्वनिचित्रमुद्रण करावयाचें आणि तें निदान दहा वर्षें जपून ठेवावयाचें. दोन आणि पंचवीस ह्यांमधील अंतर हें ओळख पटविण्याचें, यंत्राचें आणि दहा वर्षांच्या स्मृतीचें मूल्य आहे. तें न्यूयॉर्कनें सर्व करदात्यांवर न लादतां, ज्याला ती सोय हवी त्याच्याकडून घेतलें.

भारतांत सुधारणेचीं पावलें पडत नाहींत असें नाहीं. महाराष्ट्र सरकारनें २००४ सालीं सरकारी कचेऱ्या आणि न्यायालयें यांच्यापुढें सादर करावयाच्या प्रतिज्ञापत्रांवरील मुद्रांक शुल्क माफ केलें. २०१५ सालीं अनेक दाखल्यांसाठीं प्रतिज्ञापत्राऐवजीं अर्जदाराचें स्वतःचें घोषणापत्र पुरे, असें ठरविलें. ही सर्वांत स्वस्त सुधारणा. जो शिक्का मुळांत अनावश्यक आहे तो बंद करण्यास यंत्र लागत नाहीं कीं कारकून लागत नाहीं. परंतु माफीची बातमी घरोघर पोहोंचली नाहीं, आणि कित्येक पालक शाळा-महाविद्यालयांच्या कामांसाठीं मुद्रांक घेत राहिले. ऑक्टोबर २०२४ मध्यें राज्यानें अनेक दस्तांवरील शंभर-दोनशें रुपयांचें किमान शुल्क पांचशें केलें, तेव्हां ह्या अज्ञानाचा भुर्दंड आणखी वाढला. उलट, भाड्याचा करार घरबसल्या ऑनलाइन नोंदविण्याची जी सोय राज्यानें केली, तिनें नोटरीकडील वाट सोडून नोंदणीकडे वळणें लोकांना सोपें केलें. नोंदणी सोपी झाली कीं शुल्क मागण्यासाठीं मागें धांवावें लागत नाहीं.

केंद्र सरकारनें २०२१ च्या अखेरीस नोटरी कायद्याच्या दुरुस्तीचा मसुदा लोकांच्या अभिप्रायासाठीं पुढें ठेवला. एका मनुष्यानें नोटरी म्हणून एकूण पंधरा वर्षांहून अधिक काम करूं नये, ही त्यांतील मुख्य सूचना; तरुण वकिलांना संधि मिळावी हा तिचा हेतु. २०२४ सालीं नोटरींसाठीं सरकारी पोर्टल सुरू झालें, आणि अर्ज, सनद, नूतनीकरण हीं कामें त्यावर येऊं लागलीं. हीं पावलें उपयुक्त आहेत. पण दोन्हींचा रोख नोटरी कोण असावा आणि त्याला सनद कशी मिळावी, ह्याकडे आहे. शिक्का उठल्यानंतर त्या कागदाची आठवण कोणी ठेवावयाची आणि तिचा खर्च कोणी द्यावयाचा, हा प्रश्न त्यानें सुटत नाहीं.

तो सुटण्याजोगा आहे, हें साध्या अंकगणितानें दाखवितां येतें. पुन्हां केवळ हिशेबापुरतें समजावें कीं एक नोटरी दिवसाला वीस कृत्यें करतो आणि वर्षांत अडीचशें दिवस काम करतो. त्याच्या वहींत वर्षाला पांच हजार नोंदी होतात. प्रत्येक नोंदीमागें दहा रुपये एका सामाइक नोंदवहीच्या खात्यांत गेले, तर एका नोटरीच्या कामांतून वर्षाला पन्नास हजार रुपये जमतात. सनदेच्या फीपासून त्याच नोटरीमागें वर्षाला चारशें रुपये मिळतात. म्हणजे घरच्या माणसाला जाणवणार नाहीं अशा दहा रुपयांनीं सव्वाशें पट साधन निर्माण होतें. त्यांतून प्रत्येक कृत्याला एक क्रमांक देतां येईल, वहीची प्रतिमा सुरक्षित ठेवतां येईल, नियमांतील तपासणी खरोखर करतां येईल, आणि नोटरी वृद्ध झाला किंवा निवर्तला तरी त्याची वही कोठें आहे हें सांगतां येईल. नोंदणीयोग्य दस्त पुढें आला तर त्याच वेळीं पक्षकाराला तशी सूचना मिळेल, आणि राज्याचें शुल्कही बुडण्याचें वांचेल.

त्याला मर्यादा मात्र तीन पाहिजेत. हे दहा रुपये नोंदीसाठींच वापरले जावेत. त्यांतून दुसऱ्या खात्याची तूट भरून काढूं लागल्यास पोर्तुगालची कथा पुन्हां घडेल. ज्या कागदाची मागणी सरकार स्वतः करतें, त्याचा खर्च नागरिकावर घालूं नये. आणि गरिबाच्या कागदाला माफी असावी. तिसरी मर्यादा गुप्ततेची. क्रमांक, दिनांक आणि नोटरीचें नांव एवढें पडताळून पाहतां यावें. कुटुंबाचा खासगी मजकूर मात्र बाजारांत येऊं नये. नोटरींचा व्यवसाय ह्यामुळें बुडेल अशी भीति कांहींना वाटते. पण ज्या शिक्क्याचा खरेपणा एका क्षणांत पडताळतां येतो, त्याला बँक, परदेशी वकिलात आणि न्यायालय अधिक मान देतील. आणि जो प्रामाणिक नोटरी आज खोट्या शिक्क्यांच्या बदनामींत विनाकारण ओढला जातो, त्याचें त्यांत हितच आहे.

परदेशीं गेलेल्या भावानें बहिणीला दिलेल्या कुलमुखत्यारपत्राचा आरंभीं उल्लेख झाला. आज ती बहीण तो कागद घेऊन बँकेंत जाते, तेव्हां खिडकीपलीकडील मनुष्य शिक्क्याकडे पाहतो, मग तिच्याकडे पाहतो, आणि मूळ कागद, दुसरी ओळख, आणखी एक प्रतिज्ञापत्र अशी मागणी करतो. त्याचाही नाइलाज असतो. खात्री करून घेण्यास त्याच्याजवळ साधन नसतें. ती परत कोर्टाच्या आवाराकडे वळते, आणि एका शिक्क्याच्या संशयासाठीं दुसऱ्या शिक्क्याचे पैसे मोजते. कागदावरचा क्रमांक पाहून त्या मनुष्याला तेथल्या तेथें खात्री करून घेतां आली, तर तिची ती दुसरी फेरी वांचेल. देशभर रोज घडणाऱ्या अशा फेऱ्यांचा हिशेब कोणत्याही सरकारी अंदाजपत्रकांत मांडलेला नसतो. नोटरीच्या कायद्याची सुधारणा महाग कीं स्वस्त, हें ठरवितांना तो मांडला गेला पाहिजे.